झोपलेल्या बाळांचा हंगाम

पौष लागला की नगर-पुणे रस्त्याच्या कडेला कापडी फलक दिसू लागतात. 'हुरडा पार्टी', खाली एक बाण, आणि बाणाच्या दिशेला कुणाचं तरी शेत. सुप्यापासून केडगावपर्यंत असे कितीतरी. माणसं गाड्या वळवतात, आगटीभोवती बसतात, गूळभेंडी जोंधळ्याचे गरम दाणे तळहातावर चोळून चटणीबरोबर खातात, फोटो काढतात आणि ऊन उतरलं की परततात. मीही जाते. पण या दिवसांत मला चवीच्या आधी आवाज आठवतात. पत्र्याचा डबा बडवल्याचा, गोफणीतून खडा सुटल्याचा, राखणीच्या माळ्यावर उभं राहून पाखरांवर घातलेल्या 'हाऽ हाऽ'चा. आणि त्या सगळ्या गलक्यात आईच्या मांडीवर पडलेलं, अर्धवट डोळे मिटलेलं एखादं बाळ. ते झोपावं म्हणून श्वास रोखून बसलेली मी, आणि शेजारी मांडीवर मशीन घेऊन बसलेले युनूसभाई.

एक अख्खा हंगाम मी बाळं झोपायची वाट पाहण्यात घालवला आहे. हे कुणाला सांगितलं तर ते काम वाटत नाही. सुरुवातीला मलाही वाटलं नव्हतं.

तेव्हा मी नगरमध्ये श्रवणयंत्रं विकणाऱ्या एका दुकानात होते. कानाच्या तपासणीचं रीतसर शिक्षण घेतलेलं, पण दिवसभर समोर यायचे ते "मला ऐकू येतं, ही लोकंच हल्ली हळू बोलतात" म्हणणारे आजोबा. एका दुपारी युनूसभाई आले. पन्नाशी उलटलेली, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. त्यांना यंत्र घ्यायचं नव्हतं. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, "ताई, जन्मलेल्या पोराला ऐकू येतं का न्हाई, हे कसं कळतं?"

मी सांगितलं, तसं मशीन असतं. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक टिकटिक सोडायची. कान चांगला असेल तर मेंदूत अगदी किंचित वीज हलते. कपाळाला आणि कानांमागे चिकट पट्ट्या लावून ती पकडता येते. बाळाला काही सांगावं लागत नाही, त्यालाही काही बोलावं लागत नाही.

"नगर जिल्ह्यात किती असतील अशी मशीनं?"

मला माहीत नव्हतं. ते हसले. "मला माहितीय. मी दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करतो. एवढ्या वर्षांत हे मशीन माझ्याकडं एकदाही दुरुस्तीला आलं न्हाई. मला वाटायचं, लई पक्कं बनवत असतील. मग कळलं, ते कुठं न्हाईच."

नव्या वैद्यकीय उपकरणांवर संशोधन करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी सरकारची एक योजना होती. युनूसभाईंनी तिच्यात अर्ज केला होता. आपल्याकडच्या उपकेंद्रात चालेल, बॅटरीवर चालेल, आणि तिथल्या परिचारिकेला वापरता येईल असं मशीन त्यांना बनवायचं होतं. पुण्याला समितीपुढे बोलावणं आलं, तेव्हा "हाच विषय का निवडला?" या प्रश्नाला त्यांनी मला दिलेलंच उत्तर दिलं होतं. समितीतले लोक आधी हसले आणि मग हसायचे थांबले, असं ते सांगायचे. पैसे मंजूर झाले होते. आता त्यांना कान समजणारं माणूस हवं होतं, आणि मी हो म्हटलं.

केडगावातली त्यांची जागा म्हणजे पत्र्याची शेड. एका भिंतीला वडिलांच्या वेळचे भोंगे टांगलेले. त्यांचे वडील लग्नाला, जत्रेला, उरुसाला, कीर्तनाला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. "अब्बांनी गावाला मोठ्यानं ऐकवलं," युनूसभाई म्हणायचे, "आपलं काम उलटं. आपल्याला लई बारीक ऐकायचंय." ते आधी सुप्याच्या एका कारखान्यात मशीनं दुरुस्त करत, मग स्वतःचं सुरू केलेलं. शेडमध्ये सोल्डरिंगचा धूर असायचा, त्यात त्यांच्या पत्नी शबानाभाभींच्या चहातल्या आल्याचा वास मिसळायचा. भाभी बाळांच्या डोक्याला बांधायच्या पट्ट्या शिवत. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्या बाळांना टोचायच्या, म्हणून त्यांनी आपल्या मलमलच्या जुन्या ओढण्या कापल्या. त्यामुळे आम्ही तपासलेली सगळी बाळं फिकट गुलाबी नाहीतर मोरपंखी पट्टी बांधून झोपलेली असत. त्या रंगांची एखादी ओढणी रस्त्यात दिसली की माझा आवाज अजून आपोआप खाली येतो.

मशीन तयार झालं ते थंडीच्या तोंडाला, आणि गावोगाव जाऊन बाळं तपासायची वेळ आली नेमकी कणसं भरायच्या दिवसांत. आजूबाजूला सगळीकडे जोंधळा. दाण्यात चीक भरला की पाखरांचे थवे उतरतात आणि दिवस उजाडल्यापासून माणसं शेतात ओरडत उभी राहतात. आम्हाला मात्र शांतता हवी. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात आया यायच्या, सुई टोचलेली बाळं रडून रडून दमायची, दूध पिऊन पेंगायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच खिडकीबाहेर डबा वाजायचा. पुन्हा रडं. पुन्हा पहिल्यापासून. एकेका बाळासाठी आम्ही चहाचे तीन-तीन कप थंड केले. थोपटण्याच्या किती तऱ्हा असतात ते मला त्या हंगामात कळलं. कुणी पाठीवर, कुणी कुल्ल्यांवर, कुणी पायाचा झोका करून. अंगाई म्हणणाऱ्या थोड्याच. बहुतेकजणी नुसतं "ओ ओ ओ" करायच्या, आणि ते "ओ ओ" प्रत्येकीचं निराळं असायचं.

आणखी एक गंमत होती. भिंतीतल्या विजेच्या तारांची गुणगुण मशीनला त्रास द्यायची. त्यामुळे लाईट गेली की आम्ही खूश व्हायचो. उपकेंद्रातली परिचारिका कपाळाला हात लावायची आणि युनूसभाई म्हणायचे, "चला, आता पटापट घ्या!" सगळ्या जिल्ह्यात लाईट जाण्याची वाट पाहणारी आम्ही दोनच माणसं असू.

परवा केडगावला गेले होते. युनूसभाई आता गुडघ्यांमुळे उंच स्टुलावर बसूनच काम करतात. मशीन पूर्वीच्या निम्म्यानंही उरलेलं नाही, जेवणाच्या डब्याएवढं झालंय. टेबलावर त्यातली दोन उघडी पडली होती. एकात मुंग्या शिरलेल्या, एक कुणाच्या तरी हातून पडलेलं. "बघा ताई," ते मोठ्या समाधानानं म्हणाले, "दुरुस्तीला यायला लागलीत."

पण त्या हंगामात हे सगळं फार लांब होतं. बाळामागून बाळ हिरवा दिवा दाखवत होतं. हिरवा म्हणजे ऐकू येतं. कधी लाल लागायचा, पण पट्टी सरकलेली असायची किंवा कानात ओल असायची. नियमाप्रमाणे प्रत्येक लाल दिव्याची पुण्याच्या मोठ्या मशीनवर फेरतपासणी व्हायची आणि तिथे बाळ व्यवस्थित निघायचं. आई सुटकेनं रडायची, आम्ही सुटकेनं हसायचो.

मग समितीतून कामाची पाहणी करायला एक डॉक्टर आले. भला माणूस. सगळं पाहून म्हणाले, "ऐकणाऱ्या बाळांना तुमचं मशीन बरोबर ओळखतं. पण न ऐकणारं बाळ ते ओळखतं का? तसं एकही बाळ तुमच्याकडे नाही. ते सिद्ध झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला मंजुरी कशी द्यायची?"

त्यांचं काहीच चूक नव्हतं. परतताना गाडी युनूसभाई चालवत होते. दोन्ही बाजूंना जोंधळ्याची कणसं उन्हात मोत्यासारखी चमकत होती. मधेच ते म्हणाले, "ताई, आपण आता कशाची वाट बघायची, कळलं ना तुम्हाला?"

मला कळलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जामखेडच्या बाजूला त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेलो. तिथली जमीन कोरडी, गावं विरळ, घरं शेतातच. गावातल्या आशा सेविका नंदाताई आम्हाला एका वस्तीवर घेऊन गेल्या. मनीषाची मुलगी, ईश्वरी, चौथ्या महिन्यात होती. सर्दीमुळे तिची लसीकरणाच्या दिवशी तपासणी राहिली होती. मनीषाचा नवरा ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला गेलेला. घरी ती आणि सासू केसरबाई. मनीषा विशीतली, बारीक अंगाची, आणि फार कमी बोलणारी. विचारलं तर मान हलवायची. तिच्या वाटचं केसरबाईच बोलायच्या.

"ही आमची इसरी," त्या म्हणाल्या. "लई गुणाची पोर. डबा वाजवा, भांडं पाडा, कुत्रं भुकू द्या. एकदा निजली की निजली. आसं लेकरू म्या बघितलं न्हाई."

नंदाताई कौतुकानं हसल्या. युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

बाळ झोपलेलंच होतं. त्या हंगामात पहिल्यांदाच आम्हाला वाट पाहावी लागली नाही. मी गुलाबी पट्टी बांधली, चिकट पट्ट्या लावल्या, कानात टिकटिक सोडली. लाल. पट्टी सोडून पुन्हा बांधली. लाल. दुसरा कान. लाल. युनूसभाईंनी बॅटरी बदलली, तारा बदलल्या, शेवटी पट्ट्या स्वतःच्याच डोक्याला लावून मशीन तपासलं. हिरवा. पुन्हा बाळाला लावलं. लाल.

"काय आलं?" केसरबाईंनी विचारलं.

"पुन्हा एकदा मोठ्या मशीनवर बघावं लागेल," मी ठरलेलं वाक्य बोलले. "पुष्कळदा असं होतं, आजी."

"मंग तुमचं यंतरच बिगाडलं आसंल. पोरीला काय बी झालं न्हाई," असं म्हणून त्या तरातरा शेतात निघून गेल्या. तिकडे पाखरं उतरली होती.

मनीषानं बाळाला उचललं आणि शेताच्या कडेच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत नेऊन ठेवलं. मी तिच्यामागून गेले. काहीतरी बोलावं म्हणून गेले होते. हवेत ओल्या हरभऱ्याचा आंबूस वास होता. आम्ही दोघी झोळीच्या दोन्ही बाजूंना उभ्या होतो. तेवढ्यात अगदी जवळच्या माळ्यावरून केसरबाईंनी रागारागानं पत्र्याचा डबा बडवला. असा, की माझे खांदे वर उडाले. जोंधळ्यातून चिमण्यांचा थवाच्या थवा भर्रकन उठला. लिंबावरचे होले उडाले. बांधावरची शेळी दाव्याला हिसका देऊन उभी राहिली.

झोळीतल्या बाळाची पापणीसुद्धा हलली नाही.

मनीषा बाळाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, तुमी दचकलात," ती म्हणाली.

मी वर गेलेले खांदे खाली घेतले.

"मी रोज बघते. शेळी दचकती, मी दचकते, ही न्हाई. पाठीमागनं हाका मारते तर बघत न्हाई. म्होरं आले की लगीच हसती." तिचा आवाज अगदी सरळ होता. "मला ठावं हुतं. पर कुनाला म्हनू? समदी म्हनायची, गुणाची हाय."

एवढी सलग वाक्यं ती त्या दिवसात पहिल्यांदाच बोलली असावी. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो राहू दिला.

त्या संध्याकाळी युनूसभाईंनी घरी फोन केला नाही. एरवी कुठलंही गाव झालं की ते गाडीत बसल्या बसल्या भाभींना सांगायचे, आज इतकी बाळं, सगळी हिरवी. त्या दिवशी बीडवरून येणारा रस्ता लागला. मग ते म्हणाले, "वायर बदलून बघितली. सगळं बघितलं." आणि बऱ्याच वेळानं, "तरी पण चूक असू शकती. मशीनच आहे शेवटी."

पुण्याला फेरतपासणीला आम्ही दोघंही गेलो. युनूसभाईंचं तिथे काही काम नव्हतं, तरी ते आले. केसरबाईंनाही घरी थांबा म्हटलेलं चाललं नाही. मनीषा बाळाला घेऊन आत गेली. बाहेरच्या बाकावर एका टोकाला केसरबाई बसल्या, डोक्यावरचा पदर घट्ट धरून, ओठांत देवीचं नाव. दुसऱ्या टोकाला युनूसभाई, टोपी सारखी करून, डोळे मिटून, तळहात मांडीवर उलगडलेले. मी समोर भिंतीला टेकून उभी होते. कितीतरी वेळ दोघं तसेच बसून होते, आणि दोघं एकच गोष्ट मागत होते. ज्या मशीनसाठी युनूसभाईंनी इतके महिने डोळे फोडले, ते खोटं ठरावं म्हणून ते अल्लाला विनवत होते.

दार उघडलं. आतल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मशीन बरोबर होतं.

केसरबाई उठून नातीकडे गेल्या. तिला मनीषाच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं, तिच्या कपाळावर राहिलेला चिकट पट्टीचा डाग पदरानं पुसला. मागे वळल्या तेव्हा युनूसभाई बाकावर ओणवे होऊन रडत होते. मोठ्या माणसाला असं रडताना पाहून वाटेनं जाणारी माणसं थांबत होती.

"ओ भाऊ," केसरबाई त्यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "म्या तुमच्या यंतराला बिगाडलं म्हनले, ते सोडा मनातनं. खरं सांगितल्यावर कुनी रडतं व्हय? उठा. आता म्होरं काय करायचं, ते सांगा."

अहवालात त्या तपासणीपुढे 'अचूक निदान' असं लिहायचं होतं. युनूसभाई म्हणाले, "ते तेवढं तुम्ही लिहा, ताई." मी लिहिलं. पुढचा टप्पा मंजूर झाला. पेढे आले नाहीत. भाभींनी शिरा केला होता, तो आम्ही मुकाट्यानं खाल्ला.

पुढचं सांगायला सोपं, करायला फार अवघड होतं. ईश्वरीला आधी श्रवणयंत्रं लावली. त्यांनी भागणार नव्हतं. तिचं दुसरं वर्ष संपायच्या आत सरकारी मदतीतून शस्त्रक्रिया झाली. कानाच्या आत एक बारीक यंत्र बसवलं, आणि बाहेरून कानामागे अडकवायचं एक. त्याची चकती चुंबकानं डोक्याला चिकटते. ती चिकटली की आवाज, काढली की काहीच नाही. पण नुसता आवाज मिळून भाषा येत नाही. त्यासाठी घरच्यांनी मुलीशी दिवसभर, न कंटाळता बोलावं लागतं. हे मी मनीषाला सांगितलं, तेव्हा मला मनातून धास्ती वाटत होती. ही बाई मान हलवून जगणारी. ही काय बोलणार?

एकदा न कळवता वस्तीवर गेले, तेव्हा ती चुलीपुढे बसली होती आणि मोठ्यानं सांगत होती, "आता मी पीठ घेते. पीठ पांढरं हाय. आता पानी घालते. पानी गरम हाय, हात लावू न्हाई. आता भाकरी थापते. थाप, थाप, थाप." पाटावर बसलेली ईश्वरी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मनीषानं मला पाहिलं आणि पदरानं तोंड झाकून हसली. "शेजारची मानसं म्हनत्यात, मनीला येड लागलं. एकटीच बडबडती." मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "मॅडम, माझं माझ्याच कानाला नवं वाटतंय. इतकं मी माज्या आईपशी बी बोलले न्हवते."

केसरबाई आपल्या परीनं शिकवत. त्यांची शिकवणी पाखरांच्या नावांपासून सुरू झाली आणि भाऊबंदांच्या उखाळ्यापाखाळ्यांपर्यंत गेली. पहिला शब्द कुठला, यावर घरात अजून एकमत नाही. मनीषा म्हणते 'पानी', केसरबाई म्हणतात 'आज्जी'. मी तिथे नव्हते, म्हणून मला या भांडणात साक्षीला बोलावता येत नाही, याचं दोघींना वाईट वाटतं.

पुष्कळदा मी विचार करते, त्या हंगामात आम्ही नेमकं काय शोधत होतो. कागदावर ते उपकरणाचं संशोधन होतं. पण मला आठवतात ते थोपटणारे हात, लाईट गेल्यावर झालेला आनंद, भाभींच्या ओढण्या, आणि बाकावर बसलेली ती दोन माणसं. आपल्या हातच्या वस्तूनं खरं सांगावं म्हणून जीव पणाला लावायचा, आणि ती खरं सांगू लागली की ते ऐकायला छाती लागते. ती छाती मनीषाजवळ आमच्याही आधीपासून होती. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. "मॅडम, कणसं हुरड्यात आलीत. अवंदा न्हाई आलात तर बगा." आता फोनवर तिला थांबवावं लागतं. रविवारी मी गेले. आगटी पेटली होती, गोवऱ्यांचा धूर खाली रेंगाळत होता, ताटात लसणाची चटणी आणि दही. ईश्वरी आता शाळेत जाते. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, एका कानामागे ते राखाडी यंत्र. माझ्याशी तिनं शाळेतल्या बाईंबद्दल, कुत्रीला झालेल्या पिल्लांबद्दल आणि पडलेल्या दाताबद्दल एका दमात सांगितलं. 'र' थोडा जड येतो. बाकी सगळं स्वच्छ.

तेवढ्यात केसरबाईंच्या लक्षात आलं, की पाहुण्यांसाठी खुडून ठेवलेली गूळभेंडीची निवडक कणसं दिसत नाहीत. ती शेळीपुढे होती. अर्धी संपलेली.

"इसरे!" केसरबाई कडाडल्या. "पाव्हण्याला ठिवलेली कणसं शेळीला घातलीस व्हय गं भवाने? आन् वर तोंड करून गप्पा मारत बसलीस..."

ईश्वरीनं आजीकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे हात वर नेला, डोक्यावरची चकती सोडवली, कानामागचं यंत्र काढलं आणि मुठीत धरून बसली.

केसरबाई बोलतच होत्या. शेळीबद्दल, कणसांबद्दल, आजकालच्या पोरींबद्दल.

"आत्याबाई," मनीषा हसू दाबत म्हणाली, "तिनं काढून ठिवलंय."

"ठावं हाय मला!" केसरबाई म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.

ईश्वरी अगदी लक्षपूर्वक आजीच्या ओठांकडे बघत होती. आजीला दम लागला, ओठ मिटले. तशी तिनं यंत्र पुन्हा कानामागे अडकवलं, चकती चिकटवली, आणि विचारलं, "झालं का, आज्जे?"

"न्हाई," केसरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.